खर्च कोणाच्या माथी? फर्दिनांद द लेसेप्सच्या दोन कालव्यांची कहाणी

२६ जुलै १९५६ च्या रात्री इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर अलेक्झांड्रियाच्या चौकात भाषण करीत होते. भाषण नभोवाणीवरून प्रक्षेपित होत होते आणि सुवेझ कालव्याच्या काठी ठिकठिकाणी इजिप्तचे निवडक अधिकारी रेडिओला कान लावून बसले होते. त्यांना एक नाव ऐकायचे होते. अध्यक्षांच्या तोंडून ते नाव आले, की कालवा कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घ्यायच्या, असा संकेत ठरला होता. ते नाव होते लेसेप्स. त्या माणसाला मरून साठ वर्षे उलटून गेली होती. तरीही कालव्याची मालकी हिसकावून घेताना इजिप्तला परवलीचा शब्द म्हणून त्याचेच नाव सुचले.

त्या रात्रीमागे पैशाचाच प्रश्न होता. आस्वान धरणासाठी देऊ केलेले साहाय्य अमेरिका आणि ब्रिटन यांनी आठवड्यापूर्वीच मागे घेतले होते आणि धरणाचा पैसा कालव्याच्या उत्पन्नातून उभा करण्याचा नासर यांचा निर्धार होता. कालव्याचा खर्च कोणी सोसला, नफा कोणी नेला आणि पुढच्या कामांचा भार कोणी उचलायचा, हा वाद मात्र १९५६ मध्ये जन्मलेला नव्हता. तो फर्दिनांद द लेसेप्सच्या हयातीतच सुरू झाला होता. त्याचे सारे उत्तरायुष्य या एका वादाभोवती फिरले. त्याचा जगभर जयजयकार झाला तो त्यामुळे आणि अखेरीस त्याच्या नावाला शिक्षेचा डाग लागला तोही त्यामुळेच.

लेसेप्सचा जन्म १९ नोव्हेंबर १८०५ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला. घराणे मुत्सद्द्यांचे. वडील माथ्यू द लेसेप्स यांनी इजिप्तमध्ये फ्रान्सचे प्रतिनिधी म्हणून काम केले होते आणि महंमद अली या उदयोन्मुख सेनानीशी त्यांचा चांगला स्नेह जुळला होता. हाच महंमद अली पुढे इजिप्तचा सर्वाधिकारी झाला. आईच्या बाजूने लेसेप्सचे नाते स्पेनमधील एका कुटुंबाशी होते आणि त्याच कुटुंबातील युजेनी पुढे तिसऱ्या नेपोलियनची पत्नी, म्हणजे फ्रान्सची सम्राज्ञी झाली. या दोन नात्यांनी लेसेप्सला पुढे जे दिले, ते कोणत्याही पदवीने दिले नसते. तो स्थापत्य अभियंता नव्हता आणि पेढीवालाही नव्हता. माणसे जोडणे आणि त्यांच्या मनात विश्वास निर्माण करणे, हीच त्याची विद्या आणि हेच त्याचे भांडवल.

वयाच्या विशीतच तो परराष्ट्र सेवेत शिरला. लिस्बन, ट्युनिस अशी वाटचाल करीत १८३२ मध्ये तो अलेक्झांड्रियाला उपवाणिज्यदूत म्हणून आला. जहाजावर साथीच्या रोगाचा संशय असल्याने त्याला काही दिवस विलग ठेवण्यात आले. त्या रिकाम्या वेळात त्याच्या हाती पहिल्या नेपोलियनच्या मोहिमेतील अभियंता ल पेर याचा वृत्तान्त पडला. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र कालव्याने जोडता येतील का, याचा विचार त्यात होता. तांबड्या समुद्राची पातळी भूमध्य समुद्राहून सुमारे दहा मीटरने उंच आहे, असा चुकीचा निष्कर्ष ल पेरने काढला होता. तो १८४७ च्या मोजणीत खोडून निघाला. तोवर लेसेप्सच्या मनात मात्र कालव्याचे बीज पडून गेले होते.

कैरोतील मुक्कामात त्याची महंमद अलीचा मुलगा सईद याच्याशी गट्टी जमली. सईद लठ्ठ होता. त्याचे वजन उतरावे म्हणून वडिलांनी त्याच्या खाण्यावर कडक निर्बंध घातले होते. भुकेला सईद गुपचूप लेसेप्सच्या घरी येऊन पोटभर मॅकरोनी खात असे, असे सांगितले जाते. या पोरवयातील मैत्रीचे मोल पुढे कोट्यवधी फ्रँकांत मोजले जाणार होते.

मुत्सद्दी म्हणून लेसेप्सची कारकीर्द १८४९ मध्ये अचानक संपली. रोममधील प्रजासत्ताकाशी वाटाघाटी करण्यासाठी फ्रान्सने त्याला पाठवले. दरम्यान सरकारचे धोरण बदलले, त्याला परत बोलावून त्याच्यावर ठपका ठेवण्यात आला आणि त्याने सेवा सोडली. १८५३ मध्ये पत्नी अगाथ हिचा ज्वराने मृत्यू झाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा विधुर ग्रामीण फ्रान्समधील ला शेने येथे शेती पाहू लागला. त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध शांतपणे सरेल, असेच कोणालाही वाटले असते. पण १८५४ च्या उन्हाळ्यात इजिप्तचा सत्ताधीश अब्बास याची हत्या झाली आणि गादीवर सईद आला.

लेसेप्सने वेळ दवडला नाही. नोव्हेंबरमध्ये तो इजिप्तला पोचला. सईदने त्याला वाळवंटातील आपल्या छावणीत नेले. तेथे एका सकाळी लेसेप्सने दगडी कुंपणावरून घोडा उडवून सईदच्या सरदारांना थक्क केले आणि त्याच दिवशी कालव्याचा विषय काढून सईदचा होकार मिळवला, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ३० नोव्हेंबर १८५४ रोजी सनद निघाली. ५ जानेवारी १८५६ रोजी तिचे तपशील ठरले. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षे कंपनीकडे राहणार होता. निव्वळ नफ्यातील १५ टक्के इजिप्त सरकारला, १० टक्के संस्थापकांना आणि ७५ टक्के भागधारकांना मिळणार होते. कंपनीला जमीन मोफत मिळणार होती आणि मजुरांपैकी चार-पंचमांश इजिप्तमधले असणार होते. नाईलचे गोडे पाणी कालव्याच्या पट्ट्यात आणण्याचे कामही ठरले.

आता पैसा हवा होता. भांडवल २० कोटी फ्रँकांचे ठरले. ५०० फ्रँकचा एक, असे चार लाख भाग. लेसेप्स प्रथम रॉथ्सचाइल्ड पेढीकडे गेला. भागविक्रीसाठी पेढीने पाच टक्के दलाली मागितली. तेवढी रक्कम देण्यापेक्षा स्वतःच कचेरी भाड्याने घेऊन भाग विकलेले बरे, असा हिशेब त्याने केला. नोव्हेंबर १८५८ मध्ये विक्री खुली झाली. वीस हजारांहून अधिक फ्रेंचांनी मिळून सुमारे २ लाख ७ हजार भाग घेतले. त्यांत बडे धनिक थोडे आणि मध्यमवर्गीय अधिक. ब्रिटन, ऑस्ट्रिया, रशिया आणि अमेरिका यांच्यासाठी राखून ठेवलेले भाग मात्र तसेच पडून राहिले. ब्रिटनचा कालव्याला उघड विरोध होता. हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंचांनी हुकमत मिळवावी, हे पामर्स्टन यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

उरलेले भाग लेसेप्सने मैत्रीच्या जोरावर सईदच्या नावे टाकले. सईदचे एकूण भाग सुमारे १ लाख ७७ हजारांवर गेले. एवढा पैसा त्याच्या तिजोरीत नव्हता. इजिप्तने आपले पहिले परकी कर्ज १८६२ मध्ये काढले आणि कर्जाची ती वाट पुढे देशाला कोठे घेऊन गेली, हे जगाने पाहिले. कालव्याचा पहिला मोठा भार असा ज्याने सनद दिली त्याच्याच माथी आला.

२५ एप्रिल १८५९ रोजी भूमध्य समुद्राच्या काठी, पुढे ज्या ठिकाणी पोर्ट सईद शहर वसले तेथे पहिली कुदळ पडली. सुरुवातीची वर्षे माणसांच्या हातांची होती. इजिप्तच्या खेड्यापाड्यांतून फेल्लाहीन, म्हणजे शेतकरी, वेठीला धरून आणले जात. एका वेळी वीस हजारांच्या आसपास माणसे वाळूत राबत. मजुरी तुटपुंजी होती आणि घरची शेते ओस पडत होती. या वेठबिगारीवर ब्रिटनने टीकेची झोड उठवली. त्या टीकेत माणुसकीइतकेच राजकारणही होते. पण वेठ हे सत्यच होते.

जानेवारी १८६३ मध्ये सईद मरण पावला आणि इस्माईल गादीवर आला. वेठबिगारी बंद करण्याचे आणि कंपनीला दिलेल्या जमिनी परत घेण्याचे धोरण त्याने स्वीकारले. वाद लवादाकडे गेला. लवाद होता फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन, म्हणजे लेसेप्सच्या नात्यातल्या युजेनीचा पती. १८६४ च्या निवाड्यानुसार इजिप्तने कंपनीला ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यायचे ठरले. त्यांतील ३ कोटी ८० लाख हे मजूर काढून घेतल्याबद्दल, ३ कोटी जमिनींबद्दल आणि १ कोटी ६० लाख गोड्या पाण्याच्या कालव्याबद्दल होते. आपल्याच रयतेला वेठीतून सोडवण्याची किंमत इजिप्तला अशी मोजावी लागली. त्याच पैशातून कंपनीने गाळ उपसणारी वाफेची अवाढव्य यंत्रे घेतली आणि उरलेली बहुतांश खोदाई यंत्रांनी झाली.

एवढे होऊनही पैसा पुरेना. १८६७ मध्ये कंपनीने १० कोटी फ्रँकांचे कर्जरोखे काढले, पण त्यांची जेमतेम एक-तृतीयांश विक्री झाली. तेव्हा लेसेप्सने रोख्यांना लॉटरीची जोड देण्याची परवानगी मागितली. १८६८ मध्ये तसा कायदा झाला. ठरावीक काळाने सोडत निघेल आणि नशीबवान रोखेधारकाला मोठे बक्षीस मिळेल, एवढे कळताच उरलेले रोखे हातोहात खपले. विश्वास कमी पडला, की आशा विकावी, हा धडा लेसेप्स या वेळी शिकला. वीस वर्षांनी तोच धडा त्याने पुन्हा गिरवला आणि त्यानेच त्याचा घात केला.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझ कालवा समारंभपूर्वक खुला झाला. सम्राज्ञी युजेनीची नौका सर्वांत पुढे होती. युरोपातील राजेरजवाडे पाहुणे होते आणि त्यांच्या सरबराईसाठी इस्माईलने पाण्यासारखा पैसा ओतला. कालव्याचा एकूण खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ४३ कोटी फ्रँकांच्या आसपास गेला होता. उद्घाटनानंतर काही दिवसांतच चौसष्ट वर्षांच्या लेसेप्सने लुईझ एलेन ओतार द ब्रागार या विशीतील तरुणीशी दुसरा विवाह केला. या विवाहातून त्याला बारा मुले झाली.

सुवेझने जगाचा नकाशा बदलला आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ ज्या शहरांना झाला त्यांत मुंबई अग्रभागी होती. आफ्रिकेला वळसा घालून लंडनला जाणाऱ्या वाटेच्या तुलनेत मुंबई-लंडन अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. शिडाच्या जहाजांचे दिवस सरले, आगबोटींची ये-जा वाढली, मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये सुरू झाला आणि हिंदुस्थानचे प्रवेशद्वार ही मुंबईची ओळख पक्की झाली. कापसाच्या प्रत्येक गासडीच्या वाहतूक खर्चात आता सुवेझच्या मार्गशुल्काचाही वाटा होता. त्यामुळे हे शुल्क किती असावे, हा पॅरिसमधल्या भागधारकांपुरता प्रश्न राहिला नाही.

पहिली काही वर्षे मात्र कंपनी डबघाईला आली होती. १८७० मध्ये कालव्यातून जेमतेम ४८६ जहाजे गेली. ५०० फ्रँकचा भाग निम्म्याहूनही कमी किमतीला मिळू लागला. सनदेप्रमाणे शुल्क टनामागे १० फ्रँकांहून अधिक घेता येत नव्हते. लेसेप्सने यातून युक्ती काढली. दर तोच ठेवून त्याने टन मोजण्याची रीत बदलली. केवळ माल भरण्याच्या जागेवर शुल्क न घेता १८७२ पासून जहाजाच्या एकूण आकारमानावर शुल्क लावले. जहाजमालक खवळले. १८७३ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मोजणीचे नियम ठरवून दिले आणि कंपनीची स्थिती पाहून तात्पुरता अधिभारही मंजूर केला. वाहतूक वाढेल तसा तो कमी करायचा होता. लेसेप्सला हेही मानवले नाही. दीपगृहे बंद करून वाटाडे काढून घेण्याची धमकी त्याने दिली. अखेर १८७४ मध्ये इजिप्तचे सैन्य कालव्याकडे निघाले तेव्हा त्याने माघार घेतली. आपण बांधलेला कालवा केवळ आपला नाही, हे त्याला प्रथमच उमगले असावे.

पुढच्याच वर्षी आणखी मोठी उलथापालथ झाली. कर्जात बुडालेल्या इस्माईलने आपले १ लाख ७६ हजार ६०२ भाग विकायला काढले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी संसदेचे अधिवेशन नसताना रॉथ्सचाइल्डकडून सुमारे ४० लाख पौंड उसने घेऊन ते विकत घेतले. ज्या पेढीला लेसेप्सने पाच टक्के नाकारले होते, तिच्याच पैशाने त्याचा सर्वांत कडवा विरोधक कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक झाला. १८८० मध्ये नफ्यातील आपला १५ टक्के हिस्साही इजिप्तने २ कोटी २० लाख फ्रँकांना फ्रेंच वित्तसंस्थांना विकून टाकला. ज्या देशाच्या मातीतून कालवा गेला, ज्याच्या रयतेने तो खणला आणि ज्याच्या तिजोरीने त्याचा सर्वाधिक भार वाहिला, त्याच्या हाती नफ्यातील काहीच उरले नाही. त्यानंतर लवकरच वाहतूक भरभराटीला आली, हे दुर्दैव आणखी बोचणारे. १८८२ मध्ये तर ब्रिटिश फौजा इजिप्तमध्येच ठाण मांडून बसल्या.

भरभराटीबरोबर नवी अडचण आली. तळाशी २२ मीटर रुंद आणि आठ मीटर खोल असलेला कालवा आगबोटींना अपुरा पडू लागला. एकेरी रेल्वेमार्गावर एका गाडीने बाजूला थांबून दुसरीला वाट द्यावी, तशी जहाजे कालव्यातील रुंद जागी बांधून ठेवावी लागत. एखादे जहाज रुतले, की मागे रांग लागे. रात्री वाहतूक बंद असे. १८८३ पर्यंत वर्षाला तीन हजारांहून अधिक जहाजे येऊ लागली होती आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक वाहतूक ब्रिटिशांची होती. ब्रिटनशी १८७६ मध्ये झालेल्या करारानुसार सुधारणांसाठी कंपनी तीस वर्षे दरसाल १० लाख फ्रँक खर्च करणार होती. पण वाढत्या गर्दीपुढे ही रक्कम नगण्य होती. दुसरा समांतर कालवाच खणा, अशी मागणी लंडनच्या जहाजमालकांनी लावून धरली.

पण त्याचा खर्च कोणी करायचा? भागधारकांनी, जहाजमालकांनी की सरकारने? जुलै १८८३ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने लेसेप्सशी तात्पुरता करार केला. दुसऱ्या कालव्यासाठी ब्रिटिश सरकारने कंपनीला सव्वातीन टक्के व्याजाने ८० लाख पौंड कर्ज द्यायचे आणि बदल्यात कंपनीने शुल्क हळूहळू कमी करायचे, असे त्याचे स्वरूप होते. करार जाहीर होताच इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. करदात्यांचा पैसा फ्रेंच कंपनीला द्यायचा आणि वर तिची मक्तेदारीही मान्य करायची, हे व्यापाऱ्यांना रुचणारे नव्हते. काही दिवसांतच सरकारने करार मागे घेतला.

अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला लेसेप्स मग स्वतः इंग्लंडला गेला. लिव्हरपूल, मँचेस्टर, न्यूकॅसल येथील व्यापाऱ्यांना तो भेटला आणि ३० नोव्हेंबर १८८३ रोजी जहाजमालकांशी थेट समझोता झाला. कंपनीने स्वतःच्या पतीवर पैसा उभारून कालवा सुधारायचा, वाटाड्यांचे शुल्क रद्द करायचे, संचालक मंडळात जहाजमालकांचे सात प्रतिनिधी घ्यायचे आणि लाभांश ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की वरच्या नफ्यातील वाटा शुल्क घटवण्यासाठी वापरायचा, असे ठरले. सुधारणेचा पैसा वापरणाऱ्यांच्या शुल्कातून यायचा, पण नफा वाढेल तसे ते शुल्क उतरायचे, असा हा सौदा होता. त्यात सर्व बाजूंनी आपापले हिशेब उघड मांडले होते.

दुसरा कालवा खणण्याऐवजी असलेलाच रुंद आणि खोल करावा, असा निर्णय तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दिला. खोली साडेआठ मीटरपर्यंत नेण्यात आली. १८८७ पासून विजेचा दिवा लावलेल्या सर्व जहाजांना रात्रीही जाण्याची मुभा मिळाली. दीड दिवसाचा प्रवास एका दिवसाच्या आत आला. १० फ्रँकांचे शुल्क १८८५ मध्ये साडेनऊवर आले आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर साडेसहाच्याही खाली उतरले, तरीही भागधारकांचे लाभांश वाढतच होते. लेसेप्सच्या आयुष्यातील हा सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत टिकाऊ विजय. सुधारणेची ही किंमत ठरवताना इजिप्तला मात्र कोणी विचारले नव्हते.

याच काळात दुसऱ्या खंडावर तो नेमके उलटे काही करीत होता. मे १८७९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पनामाच्या संयोगभूमीतून समुद्रसपाटीचा कालवा खणण्याचा ठराव केला. चौऱ्याहत्तरीतील लेसेप्स त्याचा नेता झाला. गोदँ द लेपिने या अभियंत्याने वेगळी योजना मांडली होती. नदी अडवून उंचावर कृत्रिम सरोवर करावे आणि जलपाशांच्या पायऱ्यांनी जहाजे वर चढवून पलीकडे उतरवावीत, असे त्याचे म्हणणे होते. ते कोणी ऐकले नाही. सुवेझला जलपाश लागले नाहीत, तर पनामाला का लागावेत, एवढाच लेसेप्सचा युक्तिवाद होता. सुवेझला कोरडी, सपाट वाळू होती. पनामात डोंगर होता, पावसाळ्यात उफाळणारी चाग्रेस नदी होती आणि पीतज्वर व हिवताप होता.

पैशाच्या बाबतीत तर धोक्याची घंटा पहिल्याच दिवशी वाजली होती. ऑगस्ट १८७९ मध्ये ४० कोटी फ्रँकांची मागणी केली, तर जेमतेम ३ कोटी जमले. वृत्तपत्रे आणि पेढ्या यांना खूश ठेवल्याशिवाय भाग खपत नाहीत, असा सल्ला लेसेप्सला मिळाला. १८५८ मध्ये दलाली नाकारणाऱ्या माणसाने आता तो मुकाट्याने मानला. तांत्रिक आयोगाने खर्चाचा अंदाज ८४ कोटी ३० लाख फ्रँकांचा दिला होता. लेसेप्सने तो स्वतःच्या अधिकारात ६५ कोटी ८० लाखांवर आणला. डिसेंबर १८८० मध्ये ३० कोटी फ्रँकांचे भाग विक्रीला आले आणि त्यांना दुपटीने मागणी आली. भागधारकांची संख्या एक लाखावर गेली. त्यांतील बहुतेकांकडे एक ते पाच भाग होते. दुकानदार, कारकून, विधवा, निवृत्त शिपाई अशी ही माणसे होती. सुवेझच्या भागांनी शेजाऱ्याचे घर भरलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी पैसा पनामावर लावला नव्हता, लेसेप्सच्या नावावर लावला होता.

खोदाई सुरू झाली आणि डोंगर जिंकू लागला. कुलेब्राच्या खिंडीत जेवढी माती काढावी, तेवढी पावसात पुन्हा ढासळे. डासांतून रोग पसरतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. फ्रेंच काळात सुमारे बावीस हजार माणसे मरण पावली, असा अंदाज केला जातो. त्यांत वेस्ट इंडीजमधून आलेले मजूर सर्वाधिक होते. पॅरिसला मात्र प्रगतीच्याच बातम्या पोचत. दरवर्षी नवे कर्ज निघे, व्याजाचा दर चढे आणि जुन्या गुंतवणूकदारांचे व्याज नव्यांच्या पैशातून भागे. १८८४ मध्ये फ्रेंच अकादमीने लेसेप्सला सदस्य करून घेतले. ज्या वर्षी सुवेझच्या सुधारणेची पावले पडत होती, त्याच वर्षी पनामाचे हिशेब अंधारात चालले होते आणि दोन्ही कंपन्यांच्या शिरोभागी एकच नाव होते.

अखेर १८८७ च्या अखेरीस लेसेप्सला जलपाश मान्य करावे लागले आणि ते बांधण्याचे काम गुस्ताव्ह आयफेल यांच्याकडे देण्यात आले. पण तिजोरी रिकामी होती. तेव्हा त्याला १८६८ मधील जुना उपाय आठवला. लॉटरी रोख्यांसाठी कायदा हवा होता आणि कायद्यासाठी संसदसदस्यांची मते. मधल्या दलालांमार्फत पैसे वाटले गेले. शार्ल बाइओ या मंत्र्याने पुढे लाच घेतल्याची कबुलीच दिली. जून १८८८ मध्ये कायदा झाला आणि ७२ कोटी फ्रँकांचे वीस लाख रोखे बाजारात आले. ऐन विक्रीच्या वेळी लेसेप्सच्या मृत्यूची खोटी अफवा तारेने पसरली. निम्मेही रोखे खपले नाहीत. ८२ वर्षांचा लेसेप्स मुलगा शार्लसह गावोगाव सभा घेत फिरला. लोक टाळ्या वाजवीत, पण थैलीला हात घालीत नसत. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी कंपनी बरखास्त झाली. सव्वा अब्ज फ्रँकांहून अधिक रक्कम संपली होती आणि सुमारे आठ लाख लोकांची पुंजी बुडाली होती.

१८९२ मध्ये लाचखोरीच्या बातम्या फुटल्या. दलाल बॅरन जाक द रायनाख संशयास्पद रीतीने मरण पावला आणि सरकार कोसळले. फेब्रुवारी १८९३ मध्ये न्यायालयाने लेसेप्स पितापुत्रांना प्रत्येकी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. वृद्ध लेसेप्स सुनावणीला नव्हता. वार्धक्याने त्याची शुद्ध हरपत चालली होती आणि घरच्यांनी शिक्षेची बातमी त्याला कळू दिली नाही. मुदतीच्या कायद्याच्या आधारे ती शिक्षा जूनमध्ये रद्द झाली. शार्लला मात्र लाचेच्या खटल्यापायी तुरुंग भोगावा लागला. ७ डिसेंबर १८९४ रोजी ला शेने येथे लेसेप्सने डोळे मिटले. पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

लेसेप्सने पनामातून स्वतःची तुंबडी भरली, असे कोणी सिद्ध करू शकले नाही. तो लबाड नव्हता, म्हणूनच त्याची कहाणी अधिक अस्वस्थ करते. आपल्या शब्दावर त्याचा इतरांपेक्षा जास्त विश्वास होता. सुवेझला १८८३ मध्ये समोर हिशेब मागणारे जहाजमालक होते. एकेका फ्रँकावर भांडणारे ते व्यापारी त्याला शत्रू वाटले असतील, पण त्यांनीच त्याचा पहिला कालवा तारला. पनामाला असे भांडणारे कोणी नव्हते. होते ते केवळ विश्वास ठेवणारे.

पुढे अमेरिकेने पनामातील फ्रेंच मालमत्ता ४ कोटी डॉलरना घेतली आणि १९१४ मध्ये सरोवर व जलपाशांचाच कालवा खुला केला. त्याच्या विस्ताराचा प्रश्न आला तेव्हा पनामा सरकारने ५२५ कोटी डॉलरचा अंदाज जनतेपुढे ठेवून २००६ मध्ये सार्वमत घेतले. नवे जलपाश २०१६ मध्ये सुरू झाले. इजिप्तने २०१४ मध्ये सुवेझवर ३५ किलोमीटरचा समांतर मार्ग खणण्यासाठी आपल्याच नागरिकांकडे हात पसरला. १२ टक्के व्याजाची पाच वर्षांची प्रमाणपत्रे बँकांत ठेवताच आठ दिवसांत ६४ अब्ज इजिप्शियन पौंड जमले. १८८३ मध्ये लंडनने मागितलेला दुसरा मार्ग असा २०१५ मध्ये अंशतः प्रत्यक्षात आला आणि या वेळी त्याचे धनी खुद्द इजिप्तचे बचतदार होते.

पोर्ट सईदच्या धक्क्यावर १८९९ मध्ये लेसेप्सचा भव्य पुतळा उभारला गेला होता. कालव्याकडे हात करून तो येणाऱ्या जहाजांचे स्वागत करी. सुवेझ युद्धानंतर डिसेंबर १९५६ मध्ये तो चौथऱ्यावरून उतरवण्यात आला. इजिप्तने पुतळा हटवला आणि कालवा राखला. कालवा कोणाचा, याचे उत्तर त्यातून मिळाले. तो अधिक रुंद आणि खोल करण्याचा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र जहाजे मोठी होत राहतील तोवर पुनःपुन्हा उभा राहणार. तेव्हा हिशेब उघड्यावर मांडला आहे की नाही, एवढे तरी विचारावे, असे या माणसाचे दोन कालवे सांगतात.